इंजिन चालू, काम थांबलेलं

अपघाताच्या अहवालात एक रकाना हमखास असतो: ‘अपघात घडला तेव्हा कामगार काय करत होता?’ उद्यानं उभारण्याच्या धंद्यात राहून हे रकाने भरायची आणि दुसऱ्यांनी भरलेले वाचायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली. त्यात काय लिहिलेलं असतं? ‘उतरत होता.’ ‘अडकलेली फांदी काढत होता.’ ‘तेल कुठून गळतंय ते बघत होता.’ ‘बकेट बदलत होता.’ ‘मागे उभा राहून हात दाखवत होता.’ ‘ट्रेलरवर मशीन चढवत होता.’ माती उचलत होता, दगड वाहत होता, असं उत्तर माझ्या वाचनात त्या मानाने फार कमी आलं. ज्या कामासाठी मशीन आणलं, ते काम करताना माणूस बऱ्यापैकी सावध असतो. घात होतो तो दोन कामांच्या मधल्या फटीत. इंजिन चालू असतं, काम थांबलेलं असतं, आणि ती दोन मिनिटं कुठल्याही वेळापत्रकात धरलेली नसतात.

बाग म्हटलं की लोकांना हिरवळ दिसते. हिरवळ सगळ्यात शेवटी येते हो. त्याआधी असतं ते निव्वळ वजन. एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते, तेवढाच ग्रॅनाइट पावणेतीन टनांच्या घरात जातो. ते इकडचं तिकडे करायला छोटे पोकलेन येतात, जेसीबी येतात, स्किड स्टिअर लोडर येतात. फांद्यांचा भुगा करणारा चिपर, जमिनीतला बुंधा खरवडणारा ग्राइंडर, वर बसून चालवायची गवत कापायची यंत्रं, अशी सगळी फौज लागते. इमारतीच्या साइटवर निदान पत्रे ठोकलेले असतात, डोक्यावर हेल्मेट दिसतं. आमच्याकडे तीच मशीनं येतात, शिस्त मात्र गेटाबाहेर राहते. कारण ही ‘बाग’ आहे. मालक घरच्यांना घेऊन बघायला येतात, मुलं मातीच्या ढिगावर चढतात, आणि पोकलेनचा लांब हात, म्हणजे बूम, फिरवताना ऑपरेटरची मान मागे वळून वळून अवघडून जाते.

स्किड स्टिअर मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकते. एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, आणि अख्खं मशीन जागच्या जागी गर्रकन फिरतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉथसे या खेड्यात लुई आणि सिरिल केलर या भावांचं वर्कशॉप होतं. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला शेडमधली घाण उपसायची होती. आतले खांब जवळजवळ, आणि माडीवरही जाता यावं इतकं हलकं काहीतरी त्याला हवं होतं. १९५७ साली केलरबंधूंनी तीन चाकांचा एक ठेंगणा लोडर करून दिला. १९६० साली त्याला चौथं चाक आलं आणि आज आपण ओळखतो ते मशीन तयार झालं. लहानखुरं ठेवायचं असल्यामुळे बकेट उचलणारे दोन लोखंडी हात ऑपरेटरच्या दोन्ही कुशींना लागून, कोपरापासून वीतभर अंतरावरून वरखाली होतात. बाजूला दार ठेवायला जागाच नाही. चढायचं समोरून, उतरायचंही समोरून. बकेट वर असेल, तर वाट बकेटच्या खालून जाते.

म्हणजे ज्या हुशारीमुळे हे मशीन अंगणात शिरतं, त्याच हुशारीत त्याचा धोका आहे. ऑपरेटर बाजूला काय आहे ते बघायला डोकं बाहेर काढतो. अनेक मॉडेलांत हात वरखाली करायचे पेडल पायाशी असतात. वाकताना तोल गेला, बूट पेडलवर टेकला, की हात खाली येतो, आणि त्याच्या आणि सांगाड्याच्या मध्ये माणूस असतो. ‘नायॉश’ ही अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था. तिने १९९८ साली फक्त या मशीनबद्दल इशारा काढला. त्यात रोख होता तो मशीन उलटण्यापेक्षा या चेंगरण्यावर: उचललेल्या बकेटखालून ये-जा करणं, सीटवर नसताना लिव्हर हलवणं, आणि सुरक्षेच्या सोयी निकामी करून ठेवणं.

ही शेवटची गोष्ट मी पुष्कळ पाहिली आहे. सीटच्या पुढ्यात एक आडवा दांडा असतो. तो मांडीवर घेतल्याशिवाय हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर हात हलवणारी यंत्रणा, चालत नाही; वर केला की हात जागच्या जागी अडकून राहतात. फार साधी आणि फार चांगली सोय. तिला तार बांधलेली असते, किंवा स्विचची वायर परस्पर जोडून टाकलेली असते, म्हणजे दांडा वर असो की खाली, मशीन चालतच राहावं. एका ऑपरेटरला मी विचारलं, “दादा, ही तार कशाला?” तो अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, “मॅडम, दांडा उचलला की सगळं बंद. परत बसा, परत लावा, परत चालू. दिवसभर माझी चढउतर चालते. मला पैसे फेऱ्यांवर मिळतात, दांड्यावर नाही.”

या वाक्याला उत्तर द्यायला सुरक्षेची पाटी पुरत नाही. दुरुस्तीसाठी बकेट वर ठेवायची असेल तर हातांखाली लावायचा लोखंडी टेकूही मशीनसोबत येतो. बऱ्याच मॉडेलांत तो लावायला दुसरा माणूस लागतो, कारण ऑपरेटरने तेवढा वेळ सीटवर बसून राहायचं असतं. आता ज्या साइटवर मशीनसोबत एकच माणूस पाठवला आहे, तिथे हा टेकू कोण लावणार? तो टूलबॉक्सच्या मागे कोराकरकरीत पडून असतो. त्याचा रंगही उडालेला नसतो.

चिपरचं गणित तर शाळेतल्या मुलाला घालता येईल. आतले रोलर फांदी ओढतात त्याचा वेग मिनिटाला तीसेक मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हातमोज्याचा मनगटाकडचा सैल भाग फांदीच्या फाट्यात अडकला आणि रोलर दीड मीटरवर असले, तर हातात तीन सेकंद आहेत. पहिला सेकंद काय झालं ते कळण्यात जातो. दुसरा हिसका देण्यात जातो, कारण ओढून सुटेल असं प्रत्येकाला वाटतं, आणि ओढल्याने मोजा आणखी आवळतो. तोंडाशी एक दांडा असतो, तो ढकलला की रोलर थांबतात किंवा उलटे फिरतात. तिसऱ्या सेकंदात तो आठवायला हवा, आणि मोकळा हात तिथवर पोचायला हवा.

गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की मोठ्या फांदीची भीती सगळ्यांना असते आणि तिच्यापाशी सगळे नीट वागतात. बुंध्याकडून आत सोडायची, सोडली की बाजूला व्हायचं. घात करतो तो शेवटचा मूठभर काडीकचरा. आखूड काटक्या रोलरपर्यंत पोचत नाहीत, तोंडाशीच साचतात. मग कोणी हाताने सारतो, कोणी पायाने ढकलतो. पायाने ढकलताना माणूस एका पायावर उभा असतो, एवढं सांगितलं तरी पुरे. खरं म्हणजे त्या काटक्या पुढच्या लांब फांदीच्या पाठीवर टाकून सोडाव्यात, लाकडी दांड्याने साराव्यात, नाहीतर सरळ गोण्यात भराव्यात. अमेरिकेत १९९२ ते २००२ या काळात चिपरवर ३१ कामगार गेले. बहुतेक आत ओढले जाऊन, आणि बाकीच्यांतले बरेच उडालेल्या झाकणाचा किंवा तुकड्याचा मार बसून. झाकण उडतं कसं? इंजिन बंद केलं, मशीन थांबलं असं समजून कोणीतरी ते उघडतो. आतला पाती लावलेला जड ड्रम मात्र स्वतःच्या जोरावर अजून फिरत असतो.

छोट्या पोकलेनची बकेट झटपट बदलता यावी म्हणून क्विक हिच निघाली. जुन्या पद्धतीत दोन पिना हातोडीने ठोकून काढाव्या लागत; आता केबिनमधूनच बकेट सुटते आणि बसते. काही प्रकारांत शेवटी एक सेफ्टी पिन हाताने लावायची असते. म्हणजे त्यासाठी खाली उतरायचं. नेमकं तेच उतरणं टाळण्यासाठी ही सोय घेतलेली असते, त्यामुळे पिन राहून जाते, बकेट धरून राहते, दुपारपर्यंत काही होत नाही, आणि मग होतं. खाली पाइप मांडणाऱ्याच्या डोक्यावर. ब्रिटनमध्ये अशी माणसं गेली, तेव्हा कुठे हिचच्या रचनेकडे लक्ष गेलं.

इजा म्हणजे रक्त, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. एका साइटवर आमचा फिटर लोडरच्या होज पाइपवरून तळहात फिरवत होता. तेल गळतंय, पण कुठून ते दिसत नव्हतं. मशीन चालू ठेवलं होतं, कारण बंद केल्यावर गळती थांबते आणि जागा सापडत नाही. मध्येच त्याने हात झटकला. तर्जनीच्या पेरावर टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका. रक्ताचा थेंबही नाही. दुखतही नव्हतं, म्हणून त्याने बोट पुसलं आणि पाना उचलला.

मोटारीच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारच्या दाबाची असते. सात बारच्या आसपास दाब असला की द्रवाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरू शकते. या मशीनांच्या होजमध्ये दोनशे बार आणि त्याहून जास्त दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल डोळ्यांना दिसत नाही, ते आत घुसतं आणि बोटातल्या स्नायुबंधांच्या आवरणातून तळहाताकडे पसरतं. पहिला तास बोट बधिर, जड. संध्याकाळपर्यंत ते सुजून काळंनिळं होतं. तेल ऊतींना जाळतं, सूज रक्तवाहिन्या आवळते, आणि बोट उघडून, धुऊन काढल्याशिवाय दुसरा उपाय नसतो. तेही काही तासांच्या आत. उशीर झाला की बोट जाण्याची शक्यता झपाट्याने वाढते. आमच्या फिटरला पहिल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि एक पट्टी मिळाली. ठिपकाच तो, डॉक्टरला दुसरं काय दिसणार? संध्याकाळी कोणीतरी जाणत्या माणसाने हट्टाने मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि दारातच सांगितलं, “हाय प्रेशरने तेल आत गेलंय, हाताच्या सर्जनला बोलवा.” बोटाचं पहिलं पेर गेलं, हात वाचला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक टूलबॉक्समध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा, त्यावर तेलाची रेघ उमटते. फुकट मिळणारा पुठ्ठा. आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर दोन-चारदा हलवायचे, म्हणजे आत कोंडलेला दाब उतरतो. बंद मशीन म्हणजे निवांत मशीन, असं नसतं.

उतरण्याचीच आणखी एक तऱ्हा. मोठं झाड लावताना पोकलेनचा बूम वरच्या विजेच्या तारेला लागतो. आत बसलेला ऑपरेटर त्या क्षणी बहुधा सुखरूप असतो, कारण तो आणि मशीन विजेच्या एकाच दाबावर आहेत, त्याच्यातून वीज जायला वाट नाही. तो मरतो घाबरून उतरताना. एक पाय जमिनीवर, एक हात अजून दारावर, आणि वाट तयार. तिथेच बसून राहायचं, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत. आग लागल्यामुळे बाहेर पडावंच लागलं, तर मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जुळलेलेच ठेवून तुरुतुरु लांब जायचं. टांग टाकायची नाही, कारण दोन पावलांखालच्या जमिनीतही विजेच्या दाबाचा फरक असतो. हे मी नव्या मुलांना करून दाखवते तेव्हा ती हसतात. हसू देत. हसलेलं लक्षात राहतं.

उलटण्याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तिथे जगाने बरंच शहाणपण दाखवलं आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर माणूस वाचवणारी चौकट सक्तीची केली. पुढच्या तीन दशकांत तिथे उलटून होणारे मृत्यू दर लाख ट्रॅक्टरांमागे १७ वरून ०.३ पर्यंत खाली आले. चालवणारे तेच, उतार तेच, घाई तीच. बदलली ती चौकट. गवत कापायच्या मोठ्या यंत्रांवरही आता ती असते. काहींवर दुमडता येते, झाडाच्या खालच्या फांद्या लागू नयेत म्हणून. आणि इथे एक विचित्र नियम आहे: चौकट उभी असेल तर सीटबेल्ट लावायचाच, दुमडलेली असेल तर लावायचा नाही. उभ्या चौकटीत पट्टा माणसाला सुरक्षित जागेत धरून ठेवतो. चौकट नसेल, तर तोच पट्टा त्याला मशीनखाली धरून ठेवतो. फांदीखालून जाताना चौकट पाडली आणि पुढे तळ्याच्या ओल्या काठावर ती उभी करायची राहिली, म्हणजे संपलं.

आणि मशीनखाली सापडलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने ढिगाऱ्याखालून काढलेली काही माणसं पाहिली. हातपाय तासन्‌तास दबलेले, पण बाहेर काढताना बोलत होती, शुद्धीवर होती. आणि पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून ती दगावली. दबलेला स्नायू मरतो, वजन उचललं की त्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन एकदम रक्तात येतं. पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, मायोग्लोबिन मूत्रपिंड बंद पाडतं. म्हणून बराच वेळ दबलेल्या माणसाला सोडवण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायला वैद्यकीय पथक बघतं. पहिल्या काही मिनिटांत हात मोकळा करता आला तर करावाच. पण तास उलटून गेला असेल, तर “बोलतोय ना, ठीक आहे, काढा लवकर” म्हणून दुसऱ्या जेसीबीने मशीन उचलायची घाई करू नये. सुटका हीसुद्धा मधलीच वेळ असते.

मी हे जे सगळं सांगते आहे, त्याला एक मोठा अपवाद आहे. हळूहळू होणारी इजा कामाच्या फटीत होत नाही, ऐन कामात होते. ब्रेकर, कटर, जमीन दाबायची प्लेट यांची थरथर हातात मुरत जाते. थंड सकाळी बोटांची टोकं पांढरी पडतात, बटण लावता येत नाही. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी १९१८ साली इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या खाणींवर हवेच्या दाबाने चालणारी छिन्नी धरणाऱ्या दगडफोड्यांची हीच बोटं तपासली होती. अपघाताच्या वहीत तारीख लिहावी लागते, आणि या इजेला तारीख नसते, म्हणून ती वहीत येत नाही. असो.

चौकट, पट्टा, दांडा, जाळी, पडणाऱ्या दगडापासून वाचवणारं छत. या सगळ्या सोयी कोणासाठी आहेत बघा. जो सीटवर बसला आहे त्याच्यासाठी. मशीनभोवती फावडं घेऊन वावरणाऱ्या हेल्परसाठी यातलं काहीही नाही. तो चमकदार रंगाचं जॅकेट घालतो, म्हणजे त्याचं संरक्षण दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेलं असतं. आणि त्या डोळ्यांना दिसत काय असतं? पोकलेनच्या बूमच्या पलीकडची उजवी बाजू जवळजवळ झाकलेली. लोडरच्या मागची दोन-तीन मीटर जमीन अदृश्य. मशीन गोल फिरलं की मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, भिंतीकडे सरकतं, आणि त्या भिंतीच्या सावलीत, ऊन टाळायला, कोणीतरी पाणी प्यायला उभं असतं.

रिव्हर्सचा पीं-पीं आवाज आहे की, असं म्हणतील. एका मशीनचा असेल तर आहे. चार मशीनं एकाच वेळी मागेपुढे करत असतील, तर तो आवाज पक्ष्यांच्या किलबिलाटासारखा पार्श्वभूमीला जातो, कोणीही मान वर करत नाही. शिवाय एकसुरी शिट्टी कुठल्या दिशेने येते आहे हे कानाला पटकन सांगता येत नाही. हल्ली काही मशीनांवर शिट्टीऐवजी खरखरीचा, फुसफुसणारा आवाज लावतात. त्यात अनेक सूर मिसळलेले असल्यामुळे दिशा ओळखता येते, आणि शेजाऱ्यांची झोपही कमी मोडते. मला तो दहापट बरा वाटतो. पण त्याहून बरं म्हणजे खुणा करणारा माणूस एकच असणं. साइटवर मी सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेन, तर तीन जण एकाच ऑपरेटरला तीन बाजूंनी हात दाखवत असतात त्याला. एकाचा ‘ये ये’, दुसऱ्याचा ‘थांब’, आणि तिसरा नुसताच घाम पुसत असतो.

हेल्पर बहुतेकदा साइटवरचा सगळ्यात नवा माणूस असतो. सगळ्यात कमी मजुरीचा. त्याला कोणी मशीनबद्दल शिकवत नाही, कारण तो मशीन चालवणार नसतो. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे. ऑपरेटरला आपलं मशीन माहीत असतं. त्याच्याभोवती फिरणाऱ्याला ते जास्त माहीत हवं. नव्या मुलाला मी पहिल्याच दिवशी बंद मशीनच्या सीटवर बसवते आणि बाकीच्यांना भोवती उभं करते. कोणकोण दिसत नाही ते त्याने सांगायचं. नेहमीच्या उभं राहायच्या जागा दिसत नाहीत हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलतो. याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

ती पाच मिनिटं मात्र लागतात, आणि भांडण तिथेच आहे. विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिचने १९३१ साली हजारो अपघातांचे कागद चाळून हिशेब मांडला की ८८ टक्के अपघात कामगारांच्या चुकीच्या वागण्यामुळे होतात. हा आकडा अजूनही प्रशिक्षणांत फेकला जातो. पण ते कागद बरेचसे साहेबांनी, सुपरवायझरांनी भरलेले होते, हे त्यासोबत कोणी सांगत नाही. ‘कारण’ या रकान्यात सुपरवायझर काय लिहिणार? ‘हलगर्जीपणा’. लिहायला सोपं, आणि लिहिणाऱ्यावर काही येत नाही. फेऱ्यांवर पैसे दिले, एकच माणूस पाठवला, स्विच बिघडला असताना भाड्याचं मशीन उतरवून घेतलं, हे लिहायला रकाना नसतो.

याउलट एक उदाहरण मला फार धीर देतं. मागून चालत ढकलायच्या गवतकापणी यंत्राचं पातं टोकाशी ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढचा वेग गाठू शकतं. चिकटलेलं ओलं गवत काढायला माणूस वाकतो, हात आत घालतो. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की हँडलवरचा दांडा सोडल्यावर घरगुती यंत्राचं पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. वाकून हात पोचेपर्यंत तेवढा वेळ जातोच. त्या नियमाने कोणाला सावधपणाचं व्याख्यान दिलं नाही. माणूस अडकलेलं गवत हाताने काढणारच, हे गृहीत धरलं, आणि त्या वाकण्याचे सेकंद मशीनकडून वसूल केले.

हल्ली कामाचं अंदाजपत्रक मी करते, तेव्हा मातीचे घनमीटर आणि दगडाचे टन यांच्या खाली एक ओळ घालते: ‘बकेट बदलणे, अडकलेलं काढणे, चढणे-उतरणे’, आणि समोर तास. पहिल्यांदा घातली तेव्हा ठेकेदाराच्या हिशेबनिसाचा फोन आला. “मॅडम, या तासांत काम काय होणार?” मी म्हटलं, काही नाही. त्याने ती ओळ खोडली, मी परत घातली, शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. चालू कामावर ऑपरेटरांना फेऱ्यांऐवजी दिवसाचा रोज लावून घेतला आहे. मातीच्या फेऱ्या कमी झाल्या, हे खरं आहे आणि हिशेबनीस ते मला रोज ऐकवतो. तीन लोडर आहेत. दोघांच्या दांड्यांच्या तारा ऑपरेटरांनी आपणहून सोडल्या. तिसऱ्याचा ऑपरेटर म्हणतो, तार सोडली तर मशीन सुरूच होत नाही, सीटखालचा स्विच गेला आहे. मी मेकॅनिककडून तपासून घेतलं, तो खरं बोलतोय. नवा स्विच मागवला आहे, अजून आलेला नाही. तोवर ते मशीन उभं करून ठेवलं आहे. त्याचं भाडं चढतंय, आणि रोज संध्याकाळी मला त्यावरून फोन येतो.